गच्चीवरची इरकल

सुमाताई, मी निघाले तेव्हा पुणे स्टेशनवर तू आईच्या शेजारीच उभी होतीस. तिने स्वतःची अंजिरी इरकल माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "नेस हो. पेटीत ठेवून कसरीला घालू नकोस." बाबा आले नव्हते. मुलगी फिल्म शिकायला गेली हेच त्यांना पटलं नव्हतं. त्यात वर्गातल्या अफगाण मुलाशी लग्न करून काबूलला निघाली, म्हणजे कहरच! पुण्यात राहून नजीब मराठी छान बोलायला लागला होता. "हिला सांभाळीन," म्हणाला. आईने डोळे पुसत त्यालाच दटावलं, "तू स्वतःला सांभाळ. ती खमकी आहे."

खमकी होते म्हणून टिकले. काबूलमध्ये सिनेमा काढणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. रंगीत फिल्म धुवायची सोय नाही. डबे परदेशी पाठवायचे आणि परत येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. बाईने पडद्यावर यायचं म्हटलं की तिचे भाऊ दारात उभे. गर्दी व्हायची ती आपल्या हिंदी पिक्चरना. तरी तिथली माणसं हट्टाने आपल्या भाषेतले सिनेमे काढत होती. नजीबनेही एक काढला, एका शाळामास्तरणीच्या लग्नाची गंमत. संकलन माझं. नायिकेला साजेसे कपडे मिळेनात, तेव्हा मी आईची इरकल कापून तिला घेरदार पोशाख शिवला. आमच्याच गच्चीवर, वाळलेल्या चादरी गोळा करताना ती तो घालून खदखदून हसते. साडीला कात्री लावायला मन होईना. पण म्हटलं, पेटीत तर नाही ना राहिली! आईला तो सिनेमा दाखवायचा मात्र राहूनच गेला.

पुढे राज्यं बदलली, गोळ्या सुटायला लागल्या, आणि आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी जर्मनीत आलो. कोलोनमध्ये नजीबने बस चालवली. मी एका चॅनेलसाठी बातम्या जोडल्या. अफगाणिस्तान म्हटलं की चॅनेलवाल्यांना धूरच हवा असायचा; तोही मीच जोडून द्यायचे. आमची मीना इथेच जन्मली. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते.

तिथले नवे राज्यकर्ते सिनेमे जाळायला निघाले, तेव्हा काबूलच्या फिल्मवाल्यांनी जिवावर उदार होऊन रिळांच्या खोलीपुढे भिंत बांधली, म्हणून आमचा सिनेमा जळला नाही. त्याची आता डिजिटल प्रत निघाली आणि परवा इथल्या एका महोत्सवात तो लागला. मी मीनाला दहादा बजावलं होतं, गच्ची आली की नीट बघ, तुझ्या आजीची साडी आहे.

गच्ची आलीच नाही. जिन्यावर नायिकेची पावलं वाजतात आणि लगेच तिचा नवरा एकटा चहा पीत बसलेला दिसतो. भिंतीमागे जाण्याआधीच त्या प्रिंटवर नव्या राज्यकर्त्यांची कात्री फिरली होती. बाई दिसली की काप. माझा प्रत्येक जोड मला पाठ आहे गं. हे जोड माझे नव्हते.

दिवे लागल्यावर सूत्रसंचालिका म्हणाल्या, आल्झो, म्हणजे तर मग, नायिका न दाखवण्याचं केवढं हे धाडस! टाळ्या पडल्या. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी उभी राहून सांगितलं, हे धाडस नाही, दरोडा आहे. आम्ही दाखवली होती तिला. बाई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, किती हृदयस्पर्शी!" आणि पुढचा प्रश्न घेतला. नजीब स्टेजवर नुसता हसत बसला होता. मला त्याचा रागही आला आणि कीवही. काबूलमध्ये आज बाईला कॅमेऱ्यापुढे उभंही राहू देत नाहीत, आणि आम्ही इथे टाळ्या घेतोय.

परतताना ट्राममध्ये मीनाने जर्मनमध्ये विचारलं, "आजीची साडी कुठल्या रंगाची होती?"

"अंजिरी," मी म्हटलं.

"हिरवी गं," नजीब म्हणाला. हल्ली तो बरंच विसरतो. पण इतक्या ठामपणे म्हणाला, की मीना आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिली. मग माझा हात थोपटून म्हणाली, "जा जा, मामा, असू दे." इथे 'मामा' म्हणजे आई आणि 'जा जा' म्हणजे हो हो. आजारी माणसाला म्हणतात ना, तसं.

तू फोनवर नेहमी विचारतेस, आता तुझं घर कुठलं? पुण्यात आई नाही. काबूलच्या गच्चीवर कोण राहतं देव जाणे. कोलोनच्या फ्लॅटची किल्ली पर्समध्ये असते, पण तिथे मी नुसती राहते. माझं घर त्या सीनमध्ये होतं, आणि तो आता फक्त माझ्या डोळ्यांपुढे आहे. परवापासून मलाही धाकधूक वाटतेय. आई असती तर तिलाच विचारलं असतं. सुमाताई, तू होतीस ना गं स्टेशनवर? खरं सांग, अंजिरीच होती ना?