वनमालाची पात

वडशाजवळच्या शिवारात धानाचा रोवणा चालू होता आणि वनमाला सात वर्षांनी चिखलात उतरली होती. एकशे अठरा किलो वजनापायी इतकी वर्षे तिच्या वाट्याला बांधावरून रोपांच्या जुड्या फेकण्याचेच काम येई. गेल्या साली नागपूरला पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली, चाळीस किलो उतरले, गुडघे वाकू लागले. आता ती बायकांच्या ओळीत बरोबरीने मागे सरकत होती.

मात्र अकराच्या सुमारास तिची नजर सारखी बांधावरच्या डब्याकडे जाऊ लागली. दर दोन-अडीच तासांनी चार घास पोटात गेले नाहीत, तर तिचे हात कापत. ओळ मात्र एक वाजताच जेवायला थांबे, आणि मध्येच पात, म्हणजे आपल्या वाट्याचा रोवणीचा पट्टा, सोडणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कोणी बोलावत नसे.

"वनमाला, काऊन वाकडं रोवून राह्यली?" शेजारच्या रुखमाबाईंनी विचारले.

"काई नाई, बाई."

"काई नाई कसं? हात तं पाहा तुहे!"

वनमालाने नाइलाजाने खरे ते सांगितले.

"पोट कापलं, पन भूक नाई कापली म्हना डाक्टरनं!" रुखमाबाई हसल्या. "जाय, खाऊन घे. तुही पात मी धरतो."

वनमाला बांधावर बसली. प्रत्येक घास वीस वेळा चावायचा होता. तिचे डोळे ओळीवर होते. रुखमाबाई दोन पाती एकटीने रोवत मागे पडत होत्या. चौथा घास तोंडात असतानाच वनमाला चिखलात उतरली.

"आधी चाव," रुखमाबाई म्हणाल्या, "मंग वाक."