उसाचा आडवा छेद

लाकडी पट्टी फाटकन तोंडावर बसली. खालचा ओठ फुटला. तोंडातल्या उसाच्या रसात रक्त मिसळलं.

"जनावरं साली. दातानं सोलतेस? ही लॅब आहे, उसाचा फड नाही."

असं बोलले ते आमचे वनस्पतिशास्त्राचे सर. नगरचं कॉलेज, माझं पहिलं वर्ष. त्या दिवशी प्रॅक्टिकलला उसाच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा हुता. प्रत्येकाला एक कांडं अन् एक ब्लेड. साल कडक, ब्लेडनं निघंना. माझी मान आपोआप वाकली अन् दात लागले. त्यात काय एवढं? आमच्या पाथर्डीकडून दसऱ्या-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-बाप कोल्हारच्या बाजूला ऊस तोडतात, मी बी शाळा बुडवून जायची. फडात एका हातात कोयता, दुसऱ्यात ऊस. सोलायला दातच उरतात.

पोरं हसली. एक म्हणाला, "हिला कोयता द्या रे." सर बी हसले. पट्टीपेक्षा ते हसणं जास्त लागलं.

वर शिक्षा. दर प्रॅक्टिकलनंतर सगळ्यांच्या टेबलाखालचं मी झाडायचं, न्हाईतर जर्नलवर सही न्हाई. सही न्हाई तर परीक्षा न्हाई. मी झाडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. आईला फोनवर सांगायची, "लई चांगलं चाललंय." फोन ठेवला की सरांना घाण घाण शिव्या द्यायची.

परीक्षेच्या आधी उजळणीला परत ऊसच आला. या खेपेला ब्लेडनंच सोलला. अंगठा कापला, तरी सोलला. पेर सोडून मधलं कांडं धरलं अन् एका दमात ब्लेड ओढलं. चकती इतकी पातळ, की खालच्या वहीची रेघ दिसत हुती. लाल रंगात बुडवली, काचेवर ठेवली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खोडभर विखुरलेल्या वाहिन्या. एकेकीत दोन मोठे डोळे अन् खाली वासलेलं तोंड. मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी मेलेल्या पेशींतून चढतं, हे मी पाठ केलं हुतं. म्हणजे मेल्यावर बी राबायचंच. मला शिसारी आली.

सरांनी मला कोपरानं सारलं. आत बघितलं. माझी काच उचलून पुढच्या टेबलावर नेली.

"सगळे इकडे या. सेक्शन असं पाहिजे."

कुणाचं, ते सांगितलं न्हाई. रांग लागली. कोयता द्या म्हणणारा बी वाकून माझ्याच चकतीची आकृती काढत हुता. आकृत्या झाल्या तसा सरांनी झाडू माझ्या पायावर फेकला. "चल, आवर."

खोटं कशाला बोलू, डोळ्यापुढं आईचा कोयता आला. सरांचं मनगट अन् एकच घाव. ब्लेड अजून माझ्या बोटांत हुतं. मी ते टेबलावर ठेवलं.

"सर, ती चकती माझी हाय. सालपटं सगळ्यांची हायत. मी झाडनार न्हाई."

त्यांनी केस धरून माझं डोकं पुढच्या टेबलावर आपटलं. चकतीची काच कपाळाखाली फुटली, रक्त आलं. माझं जर्नल उभं फाडून सालपटांवर भिरकावलं. वीस पोरं-पोरी उभी, कुणी हललं न्हाई. मी खाली वाकले, ती फक्त जर्नल उचलायला.

माझ्या पेटीत फडावरच्या कोपीचं, आमच्या झोपडीचं, प्लॅस्टिक शिवायचं दाभण हुतं. त्याच दाभणानं अन् सुतळीनं जर्नल शिवलं, पान न् पान. रक्ताचे डाग पुसले न्हाईत.

सोमवारी परीक्षा. बाहेरचे परीक्षक येणार. सही न्हाई म्हणून मला दारात अडवतील. अडवू द्या. दारातच हे जर्नल उघडून उभी राहीन. कुणी फाडलं विचारलं, तर सरांचं नाव सांगीन, सरांच्या तोंडावर. न्हाई विचारलं, तरी सांगीन.