दुसरबीडच्या गाडीतली पातोडी

बुलढाण्यात मी आणि माझी धाकटी जाऊ खाणावळ चालवतो. दुपारचे जेवणारे निघून गेले की बाकांवर ऊन पसरतं आणि मला डुलकी लागते. अशाच एका दुपारी फोन वाजला. बोलणारा मुलगा लाजत होता. त्याची बायको इथे शिकायला होती तेव्हा आमच्याकडे जेवायची. आता दुसरबीडला, सासरी, तिला दिवस गेले होते.

“काकू, तिले काहीच पचून नाही राह्यलं. पाणीसुद्धा उलटून पडते. फक्त तुमच्या पातोडीचं नाव घेते.”

मला ती आठवली. रश्श्याची वाटी ओंजळीत धरून आधी नुसता वास घेत बसायची.

पातोडी म्हणजे शिजवलेल्या बेसनाच्या वड्या, रश्श्यात सोडलेल्या. दुसऱ्या सकाळी मी चुलीवरून उतरवली तशीच डब्यात भरली, वर गरम भाकरी बांधली आणि डबा दुसरबीडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिला. दुपारी त्या मुलाचा फोन आला. रस्सा निम्मा पिशवीत सांडला होता, वड्या फुगून पिठल्यासारख्या झाल्या होत्या, भाकरी घाम सुटून चिवट.

“पण तिनं झाकण उघडून वास घेतला काकू,” तो म्हणाला, “अन् लय दिवसांनी हसली.”

ते हसणं काही माझ्या डोक्यातून जाईना.

जाऊ म्हणाली, “बाई, गरम गरम काऊन कोंबता डब्यात? वाफ जाऊ द्या ना आधी.”

मग आम्ही दोघी त्या डब्याच्या मागेच लागलो. रस्सा कोमट होऊ दिला, डब्याच्या तोंडावर जाड प्लास्टिक ताणून वरून झाकण दाबलं. वड्या कोरड्याच, केळीच्या पानात वेगळ्या ठेवल्या. भाकरी परातीत पसरून निववली, सुती फडक्यात गुंडाळली. सगळं खोक्यात उभं बसवून फटींत कागदाचे बोळे भरले. जावेनं ते खोकं स्कूटीवर ठेवलं आणि मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून गावभर हिंडवून आणलं. उघडून पाहिलं, तर रश्श्याचा एक थेंबही बाहेर नव्हता!

पुढच्या गाडीनं नवा डबा गेला. काम आवरून मी बाकावर आडवी झाले आणि डोळे मिटताच गाडीत ते खोकं मांडीवर घेऊन बसले. चिखली मागे पडली. कपाशीची शेतं खिडकीतून वाहत होती, कुणीतरी पेंगत होतं, आणि माझ्या मांडीवर रस्सा झोपलेल्या लेकरासारखा हळू हलत होता.

फोननं जाग आली. या वेळी तीच होती.

“काकू, एक वडी नाही मोडली वो.”

पुढे बोलणं नाही, नुसता चावण्याचा आवाज. फुरका. थोडं थांबणं. मग बराच वेळ काहीच नाही. मी घाबरले. तेवढ्यात मुलगा कुजबुजला, “झोपली, काकू. पोटात ठरलं वाटते.”

फोन कुणीच ठेवला नाही. तिकडे पंखा फिरत होता, लांब कुठंतरी शेळी ओरडत होती. मी तशीच ऐकत पडून राहिले.

असे डबे बरेच दिवस गेले. हळूहळू तिला घरचा वरण-भात जाऊ लागला आणि डबे थांबले. पुढे मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हा जाऊ पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच घेऊन ती अंगणात गेली आणि शेजारणीला सांगत सुटली.