रांगेतली मधली जागा

गोंदियाजवळच्या मुर्री गावात भूमेश्वरीचं घर विचारत कोणी आलं, तर पोरं आधी खात्री करून घेतात, "रोवनीवाली का?" धानाच्या रोवणीसाठी, म्हणजे भातलावणीसाठी, बायांच्या तीन टोळ्या आता तिच्या नावानं फिरतात. आषाढ लागायच्या आधी टेम्पो ठरलेला असतो, देवरीपर्यंतचे शेतकरी होळीपासूनच निरोप पाठवतात. मध्यंतरी गोंदियाला बायांचा एक मेळावा झाला. तिथं तिला स्टेजवर बसवलं आणि शाल देऊन विचारलं, "ताई, एवढा धंदा तुम्ही कसा उभा केला?" तिनं माइक जवळ ओढला. मग म्हणाली, "बायाइले विचारा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनय वाटला. तो विनय नव्हता.

सुरुवात नव्याण्णव सालची. त्या उन्हाळ्यात मुर्रीच्या अंगाला प्लॉट पडू लागले. लग्न होऊन आल्यापासून भूमेश्वरी ज्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, रोवत होती, तिथं चुन्याच्या रेघा आल्या. गावातलं काम आटलं, तशा रोजीच्या बाया सकाळी चौकात उभ्या राहू लागल्या. बाहेरगावचा शेतकरी येई, बाजारात भाजी निवडावी तशा धडधाकट बाया निवडी आणि घेऊन जाई. रुख्मा दरवेळी मागं राही. लहानपणी मोडलेला तिचा डावा हात कोपरात वाकडा बसला होता. तो हात ती पदराखाली लपवी, पण लपवला की जास्तच दिसे.

शामकला रुख्माची शेजारीण. तोंडानं भारी. एके दिवशी ती रुख्मालाच ओरडली, "कायले येतं व रोज इथं? घरी बसून शेंगा सोलत जाय ना!" आणि मग स्वतःच शेतकऱ्याच्या गाडीतून खाली उतरली. त्या दिवशी तीही कामाला गेली नाही.

त्या दोघींना तशा परत येताना बघून भूमेश्वरीच्या डोक्यात आलं, की उभं राहून निवड होऊ देण्यापेक्षा आपणच शेतकऱ्याच्या दारात जावं. घ्यायचं तर सगळ्यांना घ्या, नाहीतर कोणालाच नको. घरी तिनं नवऱ्याला, रेवारामला, हे सांगितलं. रेवाराम कमी बोलणारा माणूस. तो उठला आणि सायकलच्या चाकात हवा भरू लागला. तोच त्याचा होकार.

पहिली दोन घरं रिकामी गेली. मग कोणीतरी नवेगाव बांधकडच्या हिरालालचं नाव सांगितलं. मोठं शेत, मोठं घर आणि गप्पांची भारी हौस. डझनभर बाया आणि रेवाराम एसटीनं गेले. हिरालाल सपरीत, घरापुढच्या पडवीत, खाटेवर बसला होता.

"हा माणूस काय करते?" त्यानं रेवारामकडे बोट केलं.

"हा बोलत नाई," भूमेश्वरी म्हणाली. "म्हनून आनला. दोघंही बोललो असतो त तुमचा नंबर कवा लागला असता?"

हिरालाल हसला. "टोली भांडकुदळ त नाई ना? मांगच्या साली एका टोलीनं माह्या बांधीत एकमेकीच्या झिंज्या उपटल्या. रोवाचे परे तसेच राहिले."

"भांडते ना भाऊ. रोज भांडते. पन धुऱ्यावर. चिखलात पाय पडला का तोंड बंद."

"अन् मी खरं काऊन मानू?"

"एक बांधी फुकट रोवून देतो. पसंत नाई पडली त उपटून फेका, आमी घरी जातो. पसंत पडली त सारं शेत आमचं. अन् घ्यायचं त सगळ्याइले घ्या लागन. एकही बाई मांगं नाई राह्यची."

हिरालालनं रुख्माच्या हाताकडे पाहिलं. भूमेश्वरीनं त्याला पाहताना पाहिलं आणि गप्प राहिली. पटवायला निघालेल्या माणसानं कुठं गप्प राहायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, ते तिला येतच होतं.

ती बांधी हिरालालला पसंत पडली. पुढं बरीच वर्षं त्याचं शेत त्यांचंच होतं, आणि त्याच्या तोंडून ऐकून आजूबाजूचीही.

ती रांग कशी लागे, तेही सांगायला हवं. रोवणाऱ्या बाया ओळीनं वाकतात आणि रोवत रोवत मागं सरकतात. दोन्ही टोकांच्या बाया रांग धरतात, मधल्या त्यांच्याकडे बघून चालतात. डाव्या टोकाला भूमेश्वरी, उजव्या टोकाला शामकला. जी बाई हळू असेल, तिला भूमेश्वरी मधे उभी करी, दोन्ही बाजूंना दोन चपळ बाया देऊन. चपळ हात आपलं रोवता रोवता तिच्याही वाट्यातले चार परे, म्हणजे रोपं, लावून टाकत. रांग तुटत नसे आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नसे. मधल्या बाईला मात्र कधी सांगायचं नाही, की तुला मधे का ठेवलं. हे भूमेश्वरीनं शामकलालाही बजावून सांगितलं होतं. रुख्मा पहिल्या दिवसापासून मधेच रोवत होती.

दुसरा नियम चपलांचा. सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सगळ्या चपला काढत, तेव्हा जिनं तिनं आपल्या घरची गोष्ट बोलून घ्यायची. सासू काय म्हणाली, पोराला ताप आहे, नवरा पिऊन आला. मग ती गोष्ट चपलेसंगं तिथंच ठेवायची आणि चिखलात उतरायचं. संध्याकाळी चपला घालताना गोष्टी पुन्हा सुरू होत, आणि रस्ताभर चालत.

रेवाराम परे वाहायचा. नर्सरीतून पऱ्यांच्या पेंड्या, म्हणजे जुड्या, आणायच्या आणि बायांच्या पाठीमागं चिखलात फेकायच्या, एवढंच त्याचं काम. पण भूमेश्वरीची मूठ संपत आली, की मागं वळून न बघता ती हात मागं करी, आणि पेंडी तिथं असे. बाया चिडवत, "आमालेही फेकत जा गा रेवारामभाऊ, का एकाच बाजूले दिसते तुमाले?" तो नुसता लाजे.

दोन हजार सातच्या जेठात रेवारामला ताप आला. थंडी वाजून येणारा, साधा वाटणारा. गोंदियाच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो माणसं ओळखेनासा झाला होता. तेरवी झाली आणि पाऊस लागला. हिरालालचे परे रोवणीला आले होते. दुसऱ्याच सकाळी भूमेश्वरी टेम्पोत येऊन बसली. नातेवाइकांना ते आवडलं नाही. "डोऱ्यात पानी नाई बाईच्या," असं कोणीतरी टेम्पोला ऐकू येईल इतक्या जोरात म्हणालं.

धुऱ्यावर चपला काढताना सगळ्या तिच्याकडे बघत थांबल्या. घरची गोष्ट बोलायची पाळी तिची होती. ती म्हणाली, "चला."

चिखल गार होता. तिनं पहिली मूठ रोवली, दुसरी रोवली, आणि मूठ संपत आली तसा हात मागं केला. हाताला पाणी लागलं. तिनं हात पुढं घेतला आणि वळून बघून पेंडी उचलली. दिवसभरात हे पुन्हा पुन्हा झालं. तिला वाईट वाटलं असं नाही. पाण्यात हात जाई आणि ती वळे, इतकंच. संध्याकाळी तिनं चपला घातल्या, आणि इतर बायांच्या गोष्टी सुरू झाल्या तरी तिच्या चपलांजवळ उचलायला काही नव्हतंच, अशी ती चालत राहिली.

ते सगळं वर्ष तसंच गेलं. ती जेवत होती, टेम्पोवाल्याशी घासाघीस करत होती, नव्या गावांना जाऊन नवी कामं पक्की करत होती. दुसऱ्या टोळीसाठी बाया मिळाल्या, तेव्हा शामकलानं पेढे आणले. भूमेश्वरीनं एक खाल्ला. गोड आहे हे तिला कळलं, जसं खिडकीतून बघून बाहेर ऊन आहे हे कळतं.

पुढल्या वर्षी उन्हाळ्यात हिरालालचा निरोप आला नाही. देवरीकडचा विक्की नावाचा एक ठेकेदार ट्रॅक्टर भरून राज्याच्या हद्दीपलीकडच्या बाया आणत होता, आणि तो हिरालालकडे दोनदा जाऊन आला, असं कळलं. हिरालालचं शेत गेलं, तर त्याच्याकडे बघून बाकीची जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग पुन्हा चौक, पुन्हा निवड. त्या आठवड्यात रुख्माचा हात पुन्हा पदराखाली गेला.

भूमेश्वरी शामकलाला घेऊन गेली. तीच सपरी, तीच खाट. ती बोलली. एक बांधी फुकट, पसंत नाही पडली तर उपटून फेका, सगळ्याइले घ्या लागन. सगळे शब्द जागच्या जागी होते. हिरालाल ऐकत होता आणि हसत नव्हता.

"बाई," तो शेवटी हळूच म्हणाला, "तुमी बराबर सांगून राहिल्या. पन मले असं वाटून राहिलं का रेडिओ ऐकून राहिलो." मग खाटेवर सरकून बसत तो म्हणाला, "बोलू नये, पन बोलतो. मांगच्या साली तुमचं टोक वाकडं गेलं होतं. मी धुऱ्यावरून पाहिलं."

भूमेश्वरीला हे ठाऊक नव्हतं. तिनं शामकलाकडे पाहिलं. शामकला जमिनीकडे बघत होती, म्हणजे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

भूमेश्वरीला त्याचंही फारसं काही वाटलं नाही. सपरीत माश्या घोंगावत होत्या.

मग शामकला बोलली. "वाकडं गेलं त गेलं. धान वाकडं पिकलं का भाऊ? तांदूर वाकडा निंगाला?"

"तसं नाई—"

"त मंग? विक्कीच्या बाया सरळ रोवतीन, अन् तुमी सपरीत बसून कोनाशी बोलसान? त्याइची बोली तुमाले समजते का? आमी आलो का तुमी दोन पोया जास्त खाता, हे भाभीजीनं मले सांगितलं हाय."

आतून हिरालालच्या बायकोच्या हसण्याचा आवाज आला. हिरालालनं मान खाजवली. "बोलते कशी पाहा! बरं. पयली बांधी रोवा. मी धुऱ्यावर उभा राहतो. सरळ गेली त तुमचं, नाई गेली त विक्कीले फोन."

परत येताना एसटीत शामकला घाबरलेली होती. "मी जास्त बोलली का व?"

"नाई," भूमेश्वरी म्हणाली.

आषाढात टोळी हिरालालच्या शेतावर उतरली. चपला काढून झाल्या. हिरालाल छत्री घेऊन धुऱ्यावर उभा होता. भूमेश्वरी सवयीनं डाव्या टोकाकडे निघाली. तिथं शामकला आधीच उभी होती. उजव्या टोकाला एक तरणी बाई गेली होती.

"तू आज मधात," शामकला तिच्याकडे न बघता म्हणाली.

"काऊन?"

"असंच."

रांगेत एक जागा मोकळी ठेवलेली होती. तिच्या एका बाजूला रीता, दुसऱ्या बाजूला रीताची जाऊ. टोळीतल्या सगळ्यात चपळ दोघी. त्या कुठंतरी दुसरीकडेच बघत होत्या. भूमेश्वरीनं ती जागा पाहिली. ती जागा तिनंच बनवली होती. त्या जागी बाईला उभं करताना आपणही "असंच" म्हणतो, हे तिला आठवलं. हिरालाल बघत होता. रांगेत मोकळी जागा ठेवून रोवणी सुरू होत नाही. ती जाऊन उभी राहिली आणि वाकली.

रांग मागं सरकू लागली. तिचे हात चालत होते, पण सावकाश, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. तिच्या उजवीकडे आणि डावीकडे पाण्यात परे टपाटप उभे राहत होते, आणि त्यातले काही तिच्या वाट्याचे होते. मूठ संपत आली तसा तिचा हात मागं गेला. पाणी लागायच्या आत रीतानं तिच्या हातात आपल्या पेंडीतली अर्धी मूठ ठेवली आणि पुन्हा वाकली.

पुढच्या वेळी रीताच्या जावेनं दिली.

बांधी भरली, तेव्हा सगळ्या धुऱ्याशी आल्या आणि कमरा सरळ करून उभ्या राहिल्या. हिरालाल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. "विक्कीले फोन करतोच," तो म्हणाला, "येऊ नको म्हनून." बाया हसल्या. भूमेश्वरीनं बांधीकडे पाहिलं. रांगा सरळ होत्या. यातले आपण लावलेले परे कुठले, ते तिला शोधून सापडेना.

संध्याकाळी चपला घालताना रुख्मा तिच्या शेजारी येऊन बसली. वाकड्या हातानं ती पायाचा चिखल काढत होती.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," रुख्मा म्हणाली.

"काय?"

"मधात काऊन ठेवलं ते."

भूमेश्वरी तिच्याकडे वळली. "मंग बोलली काऊन नाई?"

"कायले बोलू? रांग चालून राहिली होती."

बाया रस्त्याला लागल्या. पुढं शामकला कोणाच्या तरी सासूची नक्कल करत होती. भूमेश्वरी मागून चालत होती. आत कुठं काही हललं आहे का, म्हणून तिनं पाहिलं. तिथं काही नव्हतं, किंवा असलं तर अजून पोचलं नव्हतं. शाळेजवळ शामकला थांबली आणि तिच्या बरोबरीनं चालू लागली.

"उद्या कोनत्या जागी?" भूमेश्वरीनं विचारलं.

"उद्याही मधातच. काऊन, जड जाऊन राहिलं का?"

भूमेश्वरी थोडी चालली. "नाई," ती म्हणाली. "राहू दे मले तिथंच."