गिअरचा घोळ

माझे सासरे रागावले की जास्त जेवायचे. बाकीच्यांच्या घरी माणूस चिडला की ताटावरून उठतो. आमच्याकडे बाबा चिडले की "भात वाढ गो अजून" म्हणायचे आणि मान खाली घालून, कुणाकडेही न बघता, दोन माणसांचा भात एकटे संपवायचे. लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हे बघितलं आणि घाबरून संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं की बाबांना काही आजार आहे का. तो म्हणाला, "आजार कसला, आईशी भांडण झालंय." मी स्वतः तापट. माझ्या माहेरी राग आला की भांडी आपटतात. त्यामुळे हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आपला वाटला.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत ते सुपरवायझर होते. कुठल्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट अडकली की फोन यायचा, आणि बाबा कंपनीच्या मोटारसायकलवर टांग मारून निघायचे. आज अंधेरी, उद्या बोरिवली, परवा माहुल. "माणसं लटकलीत, येतो मी," एवढंच बोलायचे. तीसेक वर्षं त्यांनी हेच केलं, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, आणि एकदाही पडले नाहीत. रिटायर झाले तेव्हा कंपनीने शाल दिली, नारळ दिला आणि गाडीची चावी परत घेतली.

त्यानंतर आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांचा ताबा घेतला. सकाळी दूध, संध्याकाळी बागेत फेरी, बाहेर जायचं तर रिक्षा. रिक्षात बाबा सगळा रस्ता गुडघ्यावर बोटं आपटत बसायचे आणि रिक्षावाल्याला मनातल्या मनात शिव्या घालायचे. "मागे बसलं की माणसाचं सामान होतं," असं त्यांचं म्हणणं. आईंना ते पटायचं नाही. त्या म्हणायच्या, "इतकी वर्षं तुमच्या गाडीचा आवाज कधी येतो म्हणून कान लावून बसले. आता जरा शांत बसू द्या मला." दोघांचंही बरोबर होतं, पण तेव्हा मी बाबांच्या बाजूची होते आणि आजही आहे.

मग एका सकाळी बाबा "कुर्ल्याला जाऊन येतो" म्हणून गेले आणि सेकंडहँड मोटारसायकलवर बसून परत आले. घरात कुणाला पत्ता नव्हता. आईंनी गॅलरीतून बघितलं आणि पोळ्या लाटायचं सोडून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. संदीप ओरडला, "बाबा, ह्या वयात?" बाबा म्हणाले, "ही गाडी माझ्याहून म्हातारी दिसते. तिला विचारलंस का, ह्या वयात?" मीही चिडले होते, उगाच खोटं कशाला बोलू. मला तरी सांगायचं ना. पण जेवणं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "वृषाली, खाली ये गो जरा," आणि खाली गेल्यावर सीटवरून हात फिरवत विचारलं, "कशी आसा?" मी म्हटलं, "झकास." तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की माझा राग तिथेच संपला. दुपारपासून आईंशी बोलणं बंद असल्यामुळे रात्री त्यांनी पोटभर भात खाल्ला.

दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसात फोन आला. हायवेच्या बाजूच्या उतारावर खडी सांडली होती, बाबा तिथे गाडीसकट आडवे झाले होते. दोन भल्या माणसांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. मी पोचले तेव्हा उजव्या पायाचा घोटा मोडलेला, कोपर सोललेलं, आणि बाबा डॉक्टरांशी वाद घालत होते. मला बघितल्यावर म्हणाले, "पाय चुकलो माझो." मग चादरीतून डावा पाय बाहेर काढून त्यांनी मला सगळं करून दाखवलं. कंपनीच्या गाडीला सगळे गिअर पंजाने खाली दाबून टाकायचे. ह्या गाडीला पहिला खाली आणि बाकीचे पंजाने वर उचलून. उतारावर त्यांना पुढचा गिअर हवा होता, आणि तीस वर्षांच्या सवयीचा पाय आपोआप खाली दाबला गेला. गाडी वरच्या गिअरवर जायच्या ऐवजी खालच्या गिअरवर आली, मागचं चाक जागच्या जागी धरलं, त्यात खडी. "नवशिक्या असतो तर पडलोच नसतो," ते म्हणाले. "त्याला सवयच नसती."

मला पटलं. मी गाडी चालवत नाही, तरी पटलं. रोज मीठ डाव्या हाताला ठेवणारीला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ सापडत नाही, त्यातलाच प्रकार. पण ऐकतंय कोण? संदीप आला आणि पहिला प्रश्न, "बाबा, चक्कर आली होती का?" आई आल्या, "डोळ्यांसमोर अंधारी आली असेल." नातेवाईक आले, फळं घेऊन आले, आणि जो येईल तो चक्कर घेऊन आला. बाबा ओरडून ओरडून सांगत होते, "माका चक्कर नाय इली. गिअरचो घोळ झालो." त्यावर सगळे एकमेकांकडे बघायचे आणि मान हलवायचे. संदीपने तर डॉक्टरांना सांगून बाबांच्या डोक्याचे फोटो काढून घेतले. पाय मोडलेल्या माणसाचं डोकं तपासलं. डोक्यात काही सापडलं नाही, तरीही चक्करच. मी संदीपला म्हटलं, "अरे, ते सांगतायत ना काय झालं ते." तो म्हणाला, "तुला गाडीतलं काय कळतं?" मला त्या क्षणी त्याच्या डोक्यात फळांतलं एक मोसंबंच घालावंसं वाटलं होतं.

बाबा घरी आले. पायाला प्लास्टर, पाय उशीवर. आईंनी दृष्ट काढली, लिंबू कुठेतरी टाकून आल्या. आत्याबाई, म्हणजे बाबांची बहीण, दहिसरहून राहायला आल्या. बाबांची भाषा तोपर्यंत अगदी धारदार होती. "हाड माझा मोडला, गाडी माझी मोडली. तुमी कित्याक रडतास?" असं ते आत्याबाईंना सुनवायचे, आणि मी आत हसायचे. मला वाटत होतं, घोटा भरला की हा माणूस परत गाडीवर बसणार, नवीन गिअर पायाला शिकवणार, आणि ह्या सगळ्यांची तोंडं बंद होणार.

रविवारची सकाळ होती. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर सगळे बाबांच्या पलंगाभोवती जमलेले. माझी मुलगी ईरा, तेव्हा जेमतेम तीन वर्षांची, बाबांच्या पलंगावर बसून बिस्किट खात होती. आईंनी बाबांचा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवला होता. म्हणाल्या, "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, परत त्या गाडीला हात लावणार नाही." आत्याबाई म्हणाल्या, "सांग रे, सांग." संदीप भिंतीकडे बघत होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "नाय लावणार." आईंनी डोळे पुसले. ईरा बिस्किटच खात होती. चहा मी तिथेच ठेवला, कुणाला दिला नाही.

संदीपला मी आतल्या खोलीत घेतलं. "माझ्या पोरीचं डोकं म्हणजे तुमच्या घराचा स्टॅम्पपेपर आहे का?" मी विचारलं. "हळू बोल," तो म्हणाला. मी अजिबात हळू बोलले नाही. मी म्हटलं, माणसाला समजावा, भांडा, चावी लपवा, काय वाट्टेल ते करा. पण लेकराच्या जिवाला बांधून त्याला जखडायचं ही कुठली रीत? तो म्हणाला, "आमच्याकडे घेतात गं शपथ, त्यात काय एवढं." घेतात, माहितेय मला. दारू सोडायला घेतात, तंबाखू सोडायला घेतात. गिअर चुकला म्हणून घेतलेली मी तरी ऐकलेली नव्हती.

प्लास्टर निघालं. बाबा चालायला लागले, थोडे लंगडत. गाडी दुरुस्त करून खाली झाकून ठेवलेली. आणि मग मला एकेक दिसायला लागलं. रस्ता ओलांडताना आई त्यांचं मनगट धरायच्या आणि ते धरू द्यायचे. भाजी आणायला सांगितलं तर "संदीपला विचारतो" म्हणायचे. वॉचमनसुद्धा त्यांना "सावकाश, काका" म्हणायला लागला. लिफ्ट अडकल्याचा फोन आला की ज्याच्या एका शब्दावर हाताखालची माणसं धावत सुटायची, तो हा माणूस. आणि भांडण झालं तरी भात मागायचे नाहीत. एक पोळी खाऊन ताट सरकवायचे. आई म्हणायच्या, "बघ, आता कसे शांत झालेत." मला किंचाळावंसं वाटायचं.

एकदा दुपारी दोघंच घरी होतो तेव्हा मी सरळ विषय काढला. "बाबा, मुलगी माझी आहे. तिच्या डोक्यावरची शपथ मी सोडवते. तुम्ही गाडी काढा." ते उठून गॅलरीत गेले, खाली झाकलेल्या गाडीकडे बघून आले. मग म्हणाले, "मी हे मानत नाही. तू मानत नाहीस. पण मी गाडी काढली आणि उद्या तिला साधा ताप आला, तर तू पहिली माझ्याकडे बघशील. बोलणार नाहीस, पण बघशील. मीही माझ्याकडेच बघेन." मी म्हटलं, "नाही बघणार." ते म्हणाले, "आई आहेस तू. बघशील." मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. आईंनी कुलूप असं निवडलं होतं की ज्याची चावी कुणाकडेच नव्हती.

शेवटी संदीपने गाडी विकायला काढली. मुलुंडहून एक चाळिशीतले गृहस्थ बघायला आले. मी ईराला कडेवर घेऊन खाली गेले होते. बाबा जिन्याच्या पायरीवर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. गृहस्थांनी विचारलं, "का विकताय?" संदीप म्हणाला, "वडिलांना झेपत नाही आता." मी दात आवळले. पैसे देऊन ते गृहस्थ किक मारून निघणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "थांबा. आधी कुठली चालवत होता?" त्यांनी सांगितलं. जुनी, कंपनीच्या गाडीसारखीच, सगळे गिअर खाली दाबायचे तसली. बाबा दोन पावलं पुढे आले. "बंद करा. गाडी स्टँडवर घ्या आणि वर बसा."

मग जे झालं ते मी विसरणार नाही. हात पाठीमागेच ठेवून, गाडीला बोटही न लावता, बाबांनी त्या माणसाला गिअर शिकवायला सुरुवात केली. "पहिला खाली. आता पंजा वर. वर म्हटलं ना, खाली काय दाबता? परत. तुमचा पाय तुमचं ऐकणार नाही, तो जुन्या गाडीचं ऐकेल. उतारावर घाईत खाली दाबलंत की चाक धरतं आणि माणूस आडवा. परत करा." तो माणूस वैतागला, घामाघूम झाला, पण बाबांनी सोडलं नाही. आवाज जुना होता, लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या माणसाला हाक मारायचा तो. किती दिवसांनी ऐकला मी.

संदीप ऐकत उभा होता. म्हणाला, "म्हणजे बाबा, त्या दिवशी तुमचं हेच झालं?" बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "हां. हेच." संदीपचा चेहरा उतरला. मी त्याला हेच हॉस्पिटलात सांगितलं होतं, घरात सांगितलं होतं, भांडून सांगितलं होतं. बापाचं ऐकलं नाही, बायकोचं ऐकलं नाही, गिऱ्हाइकाला सांगताना बरोबर ऐकू आलं. तो म्हणाला, "आपण नको विकायला." बाबा म्हणाले, "शपथ आहे ना रे. घेऊन जाऊ दे त्यांना." गृहस्थ गेट ओलांडून वळले तेव्हा बाबा पुटपुटले, "बरोबर टाकला." वर जाऊन संदीपने आईंना सगळं सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विकली ना? झालं मग."

पुढच्या वर्षी गणपती गेले आणि पंधरवड्यात बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सगळे म्हणाले, किती शांत मरण. मला तो शब्दच सहन होत नव्हता.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. आत्याबाईंच्या शेजारी बसलेले कोणी लांबचे काका हळहळत म्हणाले, "त्या अपघातापासूनच खचला तो. चक्कर आली ना तेव्हा गाडीवर. वय झालं की नको ते नाद." आणि आई, ज्या दिवसभर एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या भिंतीला टेकल्या जागेवरून म्हणाल्या, "चक्कर बिक्कर काही नव्हती. त्या गाडीचे गिअर वेगळे होते. तीस वर्षांची सवय, पाय चुकला. त्यांच्यासारखी गाडी कुणाला चालवता येत नव्हती." काका पाणी प्यायला लागले.

माझ्या हातात लाडवांचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं, नाहीतर पडलंच असतं. सगळे पांगल्यावर मी आईंना आतल्या खोलीत गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," आई म्हणाल्या. "ते खोटं कशाला बोलतील?"

"मग त्यांना एकदा तरी म्हणायचं होतं, आई. एकदाच. केवढं बरं वाटलं असतं त्यांना."

आईंनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "म्हटलं असतं," त्या म्हणाल्या, "तर दुसऱ्या दिवशी परत गाडीवर बसले असते."