हजेरीतला खाडा

अनसूयाबाईंना मी प्रथम पाहिले ते आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे होते. अमडापूरहून एस.टी.ने ट्रंक घेऊन मी परिचारिका म्हणून रुजू व्हायला गेले. बाई तेथे मेट्रन होत्या. त्यांनी विचारले, "तुले फक्त आपल्याच नावाची सही येते ना?" मी गोंधळून हो म्हटले. "मंग जमन तुहं इथं," त्या म्हणाल्या.

प्रश्नाचा अर्थ पुढे उमगला. आमच्याकडे एक प्रेमळ रीत होती. एखादीला येणे जमले नाही की दुसरी तिची पाळी करी आणि हजेरीपटावर तिची सहीही करून टाकी. महिन्याचा तक्ता वर जाई, त्यात सगळ्या हजर. जास्त परिचारिका मागितल्या की उत्तर येई, तुमच्याकडे कोणी कमीच नाही. इकडे बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून बैलगाड्या येत, बाळंतिणी दोन खाटांमधल्या जमिनीवर निजत आणि एकटीदुकटी परिचारिका धावून धावून अर्धी होई.

बाईंनी हजेरीपट आणि रुग्णांची नोंदवही शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोन्ही रोजच्याच वह्या, पण त्या एकत्र वाचायचे कोणाला सुचले नव्हते. मग त्यांनी फर्मावले की, जी नाही तिच्यापुढे खाडा पडेल आणि जिने दोन पाळ्या केल्या तिचे नाव दोन्हीकडे येईल. आम्ही सगळ्या रुसलो. बाईंचे काळीज दगडाचे आहे, असेच आम्हाला वाटले.

त्याच सुमारास आमच्यातल्याच रोहिणखेडच्या जुबेदाची आई अंथरुणाला खिळली. जुबेदाची नोकरी कच्ची, रजा संपलेली. ती रडतच बाईंकडे आली.

"बाई, खाडा पडला तं माही नोकरी जाईन. काऊन असं करता?"

"तू जाय, मायजवळ बस. खाडा पडन, पन त्याच्यापुढं माही परवानगी लिहिली राहीन, अन् खाली माही सही. नोकरी गेली तं पयले माही जाईन."

खाडे वर गेले. जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले, खुलासा मागितला. बाईंनी दोन्ही वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. गर्दी कोणत्या दिवशी होती आणि त्या दिवशी कामावर किती जणी होत्या, हे त्यांनी पान पान दाखवले. साहेबांनी दोन्ही वह्यांतले आकडे उतरवून घेतले. जुबेदाची नोकरी टिकली. यथावकाश नव्या जागाही मंजूर झाल्या. बाईंची बढती मात्र त्या खुलाशात अडकली ती कायमचीच. त्यांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. मला मात्र त्याचा अजून राग येतो.

आज प्रसूतिकक्ष जुबेदाताई सांभाळतात आणि नव्या मुलींना सहीचा तोच प्रश्न विचारतात.

बाईंना आता साठावे वर्ष पूर्ण होत आहे. दुसरीच्या नावाची सही त्यांनी आम्हाला कधी करू दिली नाही. त्यामुळे त्यांच्या जागी सही करील असे आमच्यात कोणी नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच हजर राहावे, धडधाकट आणि पुष्कळ वर्षे, एवढेच आम्हा सगळ्यांचे देवाकडे मागणे आहे.