रडायचं आलं

अशा सदरांतले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचतो ते त्यातली चूक शोधायला. बहुतेक वेळा ती सापडते. बांधकामाची अंदाजपत्रकं करणं हा माझा धंदा. माप दोनदा घेतल्याशिवाय मी कागदावर लिहीत नाही. खालची हकीकतही मी दोनदा तपासली. चूक सापडली नाही, म्हणून लिहितो आहे.

भोरला ज्याला सगळे मॉल म्हणतात, ते खरं तर दोन मजली शॉपिंग सेंटर. खाली मोबाईलची आणि कपड्यांची दुकानं, एक केकचं. वर लहानसं थिएटर. ते बरीच वर्षं बंद आहे. मालकांना आता तिथं अभ्यासिका करायची आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला हॉलचं माप घ्यायला बोलावलं. टेपचं दुसरं टोक धरायला माझी मुलगी सई आली. बारावी देऊन मोकळी होती.

सईची आई, सुमन, बाळंतपणातच गेली. सई लहानपणापासून एकच विचारायची — आई कशी बोलायची? मी सांगायचो, उंची एवढी, माहेर विंझरचं, शिवण छान यायचं... आवाज कसा सांगणार? लग्नाची कॅसेट आहे, पण शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वर गाणी घातलेली. सुमनचे ओठ नुसते हलताना दिसतात. सई ती सारखी लावायची. मग एक दिवस लावायची बंद झाली.

त्या थिएटरात सुमन आणि मी चोरून जायचो. आमचं घर उत्रोलीला, माणसं भरपूर. नव्या सुनेनं पिक्चरला जाणं माझ्या वडिलांना चाललं नसतं. म्हणून भाटघरला मावशीकडे जातो असं सांगून निघायचं. पहाटेपासून साइटवर उभा असल्यानं इंटरव्हलनंतर मला हमखास डुलकी लागायची. सुमन झोपू द्यायची. पण पडद्यावर कुणी मरायला टेकलं, की खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर बांगडी वाजवायची आणि कानाशी म्हणायची, "उठा की वो, रडायचं आलं."

मी उठायचो, बघायचो. रडू काही यायचं नाही. तिचा पदर मात्र भिजलेला. जिना उतरताना मग टोमणा ठरलेला — "डोळ्यांत शिमिट भरलंय तुमच्या."

शेवटचा पिक्चर पाहिला तेव्हा सई पोटात होती. ती चालायला लागली त्या सुमाराला थिएटर बंद पडलं. म्हणजे ती आत कधी गेलेलीच नव्हती.

माप संपलं. भर दुपार, दार सताड उघडं, खालून केकवाल्याच्या मिक्सरची घरघर. पडदा काढून नेलेला, खुर्च्या तशाच. मी सवयीनं आमच्या रांगेत आमच्या जागी जाऊन बसलो. सई शेजारी बसली. ही जागा कुणाची, ते मी तिला सांगितलं नाही. जरा डोळे मिटले.

टक... टक... टक.

"उठा की वो, रडायचं आलं."

सई समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होती. हात दांड्यावर. हातात बांगडी नाही, ती घालतच नाही. आवाज सुमनचा होता. सुमनसारखा नव्हे, सुमनचा. 'रडायचं' म्हणण्याआधी ती किंचित थांबायची... तेसुद्धा तसंच.

मग सई माझ्याकडे वळली आणि तिच्या रोजच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तू रडतोयस?"

तू आत्ता काय म्हणालीस, असं मी विचारलं. ती गोंधळली. "काहीतरी बोलले ना मी? ओठ हलले माझे... पण ऐकू नाही आलं. काय म्हणाले?"

मी तिथंच तिला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "कसा होता रे आवाज?"

मला तेव्हाही सांगता आलं नाही.

नंतर तपास केला. विंझरला सासूबाईंना विचारलं, सुमन कधी पिक्चरचं काही बोलली होती का. त्या म्हणाल्या, "शिनेमा? आमची सुमी? मला न्हाई बा कदी बोलली." आमच्या घरी तर कुणाला पत्ताच नव्हता, आणि मी आजवर हे कुणाजवळ काढलेलं नव्हतं. ओळखीचे डॉक्टर म्हणाले, पोटातल्या बाळाला आवाज ऐकू येतात. येत असतील. पण शब्द? मला भास झाला असंही धरून पाहिलं. मग सईचे ओठ का हलले? कशानंच हिशेब जुळत नाही. मला एवढंच दिसतं, की जो आवाज तिला जन्मभर ऐकायचा होता तो तिच्याच तोंडून आला आणि ऐकला मी.

खुर्च्या भंगारात निघाल्या तेव्हा सईनं हट्टानं त्या दोन कापून आणायला लावल्या. आता त्या आमच्या ओसरीवर आहेत. संध्याकाळी मी कामावरून आलो की ती शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते, हात दांड्यावर ठेवते आणि म्हणते, "बाबा, झोप ना जरा."

मी डोळे मिटतो. झोप येत नाही.